बिनजिन्याचं घर

“आणखी मोठं कर,” आई म्हणाली.

मी माउसचं चाक पुढं फिरवलं. पडद्यावरची खोली जवळ आली, मग खोलीतला ओटा आला, मग ओट्यावरची खिडकी.

“आणखी.”

“आता काय बिजागरीत शिरायचंय का?”

“बिजागरी पण काढलीयस?” ती खुर्चीवरून पुढं झुकली. “अगं बाई, खरंच की. स्क्रूसुद्धा हायत.”

तो लॅपटॉप आणि त्याला जोडलेले दोन मोठे मॉनिटर मी नुकतेच घेतले होते. सांगली-कोल्हापूरचे आर्किटेक्ट मला घरबसल्या वर्किंग ड्रॉइंगची कामं देत. वर्किंग ड्रॉइंग म्हणजे गवंड्याच्या, सुताराच्या हातात जाणारा नकाशा. कुठली सळई कुठं वाकवायची, चौकट भिंतीत किती शिरवायची, इतकं सगळं त्यात लागतं. जुन्या छोट्या पडद्याला नाक लावून लावून माझी मान आखडली होती. नव्या पडद्यांवर रेघ न् रेघ सुटी दिसायची. पहिल्या दिवशी मी नुसताच एक जिना उघडून त्याच्या पायऱ्या बघत बसले होते.

आईला माझ्या कामात कधी रस नव्हता. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. कागदावरचा नकाशा हातात दिला की “मुंग्या चालल्यात नुसत्या” म्हणून ती परत द्यायची. या पडद्यावर मात्र तिला सगळं दिसलं. आणि दिसलं ते तिचं स्वतःचं घर होतं, अजून न बांधलेलं.

सांगलीतला आमचा बंगला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आईच्या नावावर ठेवला होता. ते गेल्यावर माझा मोठा भाऊ जिनेंद्र त्या जागेवर इमारत उठवायची म्हणत होता. तो कॉन्ट्रॅक्टर. पश्चिमेचा रस्ता रुंद झाला होता, तिकडं दुकानं काढली तर सोनं होतं. खाली दुकानं, वर फ्लॅट. आई नाही म्हणत नव्हती. तिची अट एकच होती. खाली, पश्चिमेच्या अंगाला, तिची स्वतःची एक खोली पाहिजे आणि तिला रस्त्याकडं खिडकी पाहिजे.

आम्ही जैन. आमच्या पिढीनं बरंच काही सोडलं, पण आईनं दिवस मावळल्यावर आयुष्यात घास घेतलेला नाही. बंगल्याच्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी होती. समोरच्या पाण्याच्या टाकीमागं सूर्य गेला की आईचं ताट बाजूला व्हायचं, मग त्यात काही का उरलेलं असेना.

“आई, मोबाइलवर रोजची सूर्यास्ताची वेळ येते. मिनिटासकट,” दादा तिला म्हणाला होता.

“मोबाइल बघून जेवू का सूर्य बघून जेवू?”

“एकच की ते.”

“तुला एक असंल,” आई म्हणाली.

दादा हसला. “बरं बाई. पद्मा, काढ तिची खोली. तिला पाहिजे तशी काढ. तुझ्या त्या सिनेमाच्या पडद्यावर दाखव तिला.”

मग आई दुपारची माझ्याकडं यायला लागली. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, त्याला पश्चिमेला गॅलरी. आई पडद्यासमोर बसून हुकूम सोडायची आणि मी ते काढायची. ओटा खाली घे, माझा हात पोचत नाही. पाणी गाळायचं फडकं वाळत घालायला इथं खुंटी. खिडकीची उंची अशी पाहिजे की बसून जेवताना बाहेर दिसलं पाहिजे. त्यासाठी मी तिला भिंतीशी पाटावर बसवून तिच्या डोळ्याची उंची टेपनं मोजली. आर्किटेक्टांच्या बंगल्यांसाठी मी इतकं कधी केलं नव्हतं, आणि त्यांनी त्याचे पैसेही दिले नसते.

पुढंमागं जागेत माझाही वाटा निघतो, हे कुणी बोलत नव्हतं. मीच बोलून टाकलं. “मला काही नको. आईची खोली तेवढी झाली पाहिजे.” दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. माझे यजमान मिरजेच्या बँकेत, कागदपत्रांतला माणूस. ते रात्री एवढंच म्हणाले की खोलीचं लिहून घ्या. मला त्यांचा राग आला होता.

तरी वकिलानं लिहिलंच होतं. आई जागा दादाला बक्षीसपत्रानं देणार, आणि ‘सोबतच्या नकाशात दाखवलेल्या तिच्या खोलीत’ तिला हयातभर राहण्याचा हक्क. खोली किती, कुठली, हे शब्दांत नव्हतं. ते नकाशात होतं, आणि नकाशा माझा होता. मी निर्धास्त झाले.

सही करायच्या आदल्या दिवशी दादा आला. खुर्चीत बसत त्यानं नेहमीची खोडी काढली.

“जिना काढलायस ना गं यंदा?”

आई फस्सकन हसली. मीही हसले. हा आमच्या घरातला फार जुना विनोद होता.

कॉम्प्युटरवरचा नकाशा थराथरांचा असतो. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर. भिंती एका थरावर, दारं दुसऱ्यावर, आकडे तिसऱ्यावर. त्यात डेफपॉइंट्स नावाचा एक थर प्रोग्रॅम आपण होऊन करतो, स्वतःच्या मोजमापाच्या खुणांसाठी. त्यावर काढलेलं पडद्यावर झकास दिसतं, पण कागदावर कधीच छापून येत नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. दुमजली बंगल्याचा सगळा जिना मी चुकून त्या थरावर काढला, छापला, गुंडाळी करून दिमाखात दिला. परीक्षक म्हणाले, “ताई, वरची माणसं खाली कशी येतात?” का झालं ते मला दादानंच शोधून दिलं. तो त्याच पॉलिटेक्निकमधून दोन वर्षं आधी बाहेर पडला होता. घरी येऊन त्यानं ते असं रंगवून सांगितलं की अण्णांना हसून हसून ठसका लागला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, अण्णा पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या पद्मीनं बिनजिन्याचं घर बांधलंय!”

त्या दिवसानंतर मी त्या थरावर एक टिंब काढलेलं नाही. नवी फाइल उघडली की आधी त्या थराला कुलूप घालते, मग बाकीचं काम.

“उद्या सही. आईला एकदा शेवटचं दाखवू आणि प्रिंट काढू,” दादा म्हणाला.

“आधी तिचं जेवण होऊ दे. ऊन उतरलंय.”

“वाढ तिला. मी तोवर रेघांची जाडी बघतो. सरकारी कामाला बारीक रेघ चालत नाही.”

आई गॅलरीत पाटावर बसली. मी तव्यावरून भाकरी काढून तिच्या ताटात देत होते. आतून माउसची टकटक ऐकू येत होती. आईनं दुसरी भाकरी अर्धी मोडून ठेवली आणि म्हणाली, “त्याला पण चहा टाक. दमून आलाय.” मी चहा टाकला. आल्याचा, त्याला आवडतो तसा.

“या आता,” त्यानं हाक मारली.

आईनं हात धुतले आणि पडद्यासमोर उभी राहिली. सगळं होतं. ओटा, खुंटी, खिडकी, बिजागरी. दादानं स्वतः चाक फिरवून तिला एकेक दाखवलं. “ही तुझी खिडकी. ही टाकी. इथनं सूर्य.” आईनं पडद्यावरच्या खिडकीवर बोट ठेवलं. काचेवर तिच्या ओल्या बोटाचा ठसा उमटला.

“पूस बाई ते, महागाचं असतंय,” ती म्हणाली.

“राहू दे,” मी म्हणाले.

दादानं छापायची आज्ञा दिली. प्रिंटरमधून कागद बाहेर आला तो त्यानंच घेतला, त्यानंच घडी घातली आणि पाकिटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी उपनिबंधकाच्या कार्यालयात आईनं सही केली, अंगठा दिला. माझी संमतीची सही झाली. सगळ्या कागदांच्या तळाशी नकाशा टाचलेला होता, घडी घातलेलाच. कारकून कोपरा उचलून “इथं, इथं” म्हणत होता आणि आम्ही सह्या करत होतो. जो नकाशा मी तोंडपाठ म्हणून दाखवला असता तो उघडून काय बघायचा? बाहेर आल्यावर दादानं सगळ्यांना उसाचा रस पाजला.

बंगला पडला. बांधकाम चाललं तोवर आई माझ्याकडं राहिली. गॅलरीत बसून जेवायची. मधेच कधी माझ्यामागं येऊन उभी राहायची. “काम थांबव जरा. माझी खोली दाखव.” मी हातातला बंगला मिटवायची आणि तिची खोली उघडायची. ती बघायची, एखादी वस्तू मनातल्या मनात ठेवायची. “कणगी या कोपऱ्यात बसंल.” मग समाधानानं आत जायची.

खालचा मजला उभा राहिला तेव्हा मी एकदा साइटवर गेले. आईच्या ओट्याला कडाप्पा घालायचा की ग्रॅनाइट, ते सांगायला. पश्चिमेच्या बाजूला एक माणूस टेप धरून मापं घेत होता.

“खिडकीची का?” मी विचारलं.

“नाही मॅडम. शटरची.”

आत सलग मोठा हॉल होता. मधे भिंत नव्हती, भिंतीची खूणसुद्धा नव्हती. दादा पलीकडं फोनवर बोलत होता. मी तो संपेपर्यंत थांबले.

“दादा, आईची खोली कुठंय?”

“कुठली खोली?”

“चेष्टा पुरे.”

“चेष्टा कसली? नकाशाप्रमाणं चाललंय.” तो गाडीकडं गेला आणि बक्षीसपत्राची प्रत घेऊन आला. तळातला नकाशा त्यानं उलगडून माझ्या हातात दिला.

सलग हॉल. खोलीशेजारच्या गाळ्यावर मी लिहिलेलं ‘दुकान’ आता सगळ्या हॉलचं झालेलं. खिडकीच्या जागी भिंतीत नुसतं रुंद भोक. ओटा नाही, खुंटी नाही. खाली कोपऱ्यात ‘रेखाटन : पद्मजा’, आणि त्यावर सरकारी शिक्का.

“हा माझा नकाशा नाही,” मी म्हणाले.

“तुझ्याच मशीनवर छापलाय. तुझ्यासमोर.” मग तो जरा जवळ आला. लहानपणी मी पडले की ज्या आवाजात समजूत काढायचा, त्या आवाजात म्हणाला, “पुन्हा जिना विसरलीस की काय गं?”

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं नजर वळवली नाही. तेव्हाच मला सगळं कळलं.

घरी येऊन मी चप्पल न काढता फाइल उघडली. खोली होती. पडद्यावर लख्ख. मी एका भिंतीवर टिचकी मारली. थर : डेफपॉइंट्स. खिडकी, डेफपॉइंट्स. ओटा, खुंटी, ‘आईची खोली’ ही अक्षरं, सगळं एकाच थरावर नेऊन ठेवलेलं. थराचं कुलूप उघडं होतं. मी छापून बघितलं. प्रिंटरमधून दुकान बाहेर आलं.

हे त्याला स्वतःच्या कॉम्प्युटरवर करता आलं असतं. पण मग ती चोरी त्याची झाली असती. माझ्या फाइलमध्ये केली म्हणजे ती माझी चूक झाली, आणि असली चूक मी करते हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला अण्णांनी हसत हसत पाठ करून ठेवलं होतं.

“छापलास? बघू,” आई मागं उभी होती.

तिनं कागद घेतला आणि उजेडात गॅलरीत नेला. बराच वेळ डोळ्याजवळ धरला. मग आत येऊन पडद्याकडं बघितलं. पुन्हा कागदाकडं.

मी तिला सगळं सांगितलं. माझा आवाज चढत गेला. मी त्याला चोर म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. शेवटी आईनं एकच विचारलं, “मी जेवत होते तेव्हा?”

“हो. तू जेवत होतीस. मी त्याच्यासाठी चहा टाकत होते.”

तिनं कागदाची घडी घातली आणि उशीखाली ठेवली. यजमान म्हणाले, कोर्टात जाता येईल. आई म्हणाली, बघू.

सकाळी मी पीठ मळत होते. ती येऊन शेजारी उभी राहिली.

“पद्मे, तुझ्या हातून राहिलं म्हण.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“नकाशात राहून गेलं म्हण. चारचौघांत. जुनीच चूक परत झाली म्हण.”

“मी केलं नाही ते मी कशाला म्हणू?”

“त्यानं केलं म्हटलं तर मला त्याच्या घरात पाणी पिता येणार नाही. तू केलंस म्हटलं, तर मग नुसतं चुकलं. चुकल्याचं काय, होतंय माणसाच्या हातून.”

“मग त्याच्या घरात जाऊच नको. इथं राहा.”

“लेकीकडं? आणि लोकांना काय सांगू? लेकानं का टाकली म्हणून विचारतील की.”

“खरं ते सांग.”

“ते सांगायला लागू नये म्हणून तर तुला म्हणते.”

माझे हात पिठात होते. मी तशीच तिच्यासमोर उभी राहिले. “आई, त्याचं नाव राखायला माझं घालवतीयस. माझं पोट चालतं त्या नावावर.”

“तुझं गेलं तरी परत येईल. तू हुशार हायस.” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “त्याचं गेलं तर मी कुठं जाऊ?”

मला तिला हाताला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी परातीकडं वळले आणि पीठ इतकं मळलं की त्याच्या चपात्या वातड झाल्या.

इमारतीच्या गृहप्रवेशाला सगळे जमले होते. दुकानाची शटरं नव्या रंगानं चमकत होती. दुसऱ्या मजल्यावर दादाचा फ्लॅट, तिथं जेवणावळ. मामानं हात धुता धुता विचारलं, “अक्का, तुझी ती खालची खोली कुठंय गं? खिडकीचं लई सांगत होतीस फोनवर.”

दादा नव्या फरशीकडं बघत होता. आईनं माझ्याकडं बघितलं.

“माझ्याकडून राहिली, मामा,” मी म्हणाले. “नकाशात राहून गेली.”

मामानं मांडीवर थाप मारली. “परत बिनजिन्याचं घर!”

सगळे हसले. दादाही हसला, जरा उशिरा. आई हसली नाही. “असू दे,” ती म्हणाली, “बारीक काम असतंय पोरीचं. चुकायचंच.” मी न केलेल्या गुन्ह्याला तिनं सगळ्यांसमोर माफी दिली. मी पानावरची जिलेबी तशीच टाकून उठले.

ते हसू सांगलीभर फिरलं. नात्यातल्या एका आर्किटेक्टनं काम देणं बंद केलं. मी कारण विचारलं नाही, मला ठाऊक होतं. दादाशी मी बोलत नाही, तोही माझ्याशी बोलत नाही, आणि लोक समजतात की जिच्या हातून चूक झाली तीच बाई उलट तोंड फिरवून बसली आहे.

आईला दादाच्या फ्लॅटमधली मागची खोली मिळाली. तिची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला.

“पद्मे, आहे का गं अजून?”

“काय?”

“सूर्य.”

मी उठून गॅलरीत गेले. “आहे. हातभर वर आहे.”

“मग बसते जेवायला.” फोन बंद.

त्यानंतर रोज. मी पडद्यावर कुणाचा तरी जिना काढत असायची, फोन वाजायचा, मी गॅलरीत जायची. पावसाळ्यात मी म्हणायची, “दिसत नाही आई, पण उजेड आहे भरपूर.” मग ती म्हणायची, “नको मग,” आणि उपाशी झोपायची. दादाच्या घरात सहा माणसं होती. दिवाणखान्याला पश्चिमेची मोठी बाल्कनी होती. प्रत्येक खोलीत घड्याळ होतं.

एकदा मी वैतागले. कामाची घाई होती, आणि मनातलं काही विझलेलं नव्हतं. “आई, बाल्कनीत दादा बसलेला असेल. त्याला विचार की. दोन पावलांवर आहे तो, मी इथं गावाच्या दुसऱ्या टोकाला.”

पलीकडं टीव्ही चालल्याचा आवाज येत होता, आणि दादाचा हसण्याचा.

“त्याला विचारलं होतं एकदा,” आई हळू आवाजात म्हणाली. “आहे म्हणाला. माझ्यानं घास उचलला नाही गं. खरंच आहे, हे कसं धरायचं?”

मी माउस सोडला.

“तू बघून सांग,” ती म्हणाली. “आहे का अजून?”

मी गॅलरीत गेले.